जरा जास्तच गोल चाकं

सदाशिव पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी अडीच वर्षं काढली, तिथे पाण्याच्या कूलरवर एक कागद चिकटवलेला होता. 'रोज १ टक्का सुधारणा = वर्षात ३७ पट.' खाली गणितही दिलेलं होतं, १.०१ चा ३६५ वा घात. ते बरोबर आहे. मी मोबाइलवर करून पाहिलंय, ३७.७८ येतं.

या कागदामागची गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत असेल. जेम्स क्लिअरच्या 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स'च्या पहिल्याच प्रकरणात ती आहे, आणि पुस्तक न वाचलेल्यांनाही ती रील्समधून, नाहीतर क्लासच्या सरांच्या तोंडून ऐकायला मिळतेच. ब्रिटनचे सायकलपटू शंभर वर्षं अगदीच सुमार होते. २००३ मध्ये डेव्ह ब्रेल्सफर्ड नावाचा माणूस आला. त्याने प्रत्येक गोष्टीत फक्त १ टक्का सुधारणा करायची ठरवली. खेळाडूंना हात नीट धुवायला शिकवलं, प्रत्येकाला साजेशी उशी शोधून दिली, धूळ चटकन दिसावी म्हणून सायकलींच्या ट्रकला आतून पांढरा रंग दिला. पाच वर्षांनी बीजिंगमध्ये सुवर्णपदकांची रास.

माझी रूममेट या गोष्टीवर भाळली होती. तिच्या वहीत रोज 'आजचा टक्का' असं सदर असायचं. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली तेव्हा तिने ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली, आपण नेमके कुठल्या दिवशी कमी पडलो ते शोधायला. त्या रात्रीपासून ही गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली. पण तिचं उत्तर मला अभ्यासिकेत मिळालं नाही. ते सायकलिंग बघताना मिळालं.

४ ऑगस्ट २०२१. परीक्षा पुढे ढकललेल्या, मी गावी. टोकियोत दुपारी साडेतीनला आपल्या मुलींची अर्जेंटिनाशी हॉकीची उपांत्य फेरी होती. तोवर वेळ घालवायला म्हणून मोबाइलवर पुरुषांच्या टीम परस्यूटची अंतिम फेरी लावली. दिवसाचा डेटा दीड जीबी, हॉकीसाठी राखून ठेवायचा होता, म्हणून चित्र सगळ्यात खालच्या दर्जाचं ठेवलं. त्यामुळे झालं असं की कुणाचाही चेहरा दिसेना. दिसत होत्या त्या फक्त वाकलेल्या चार पाठी, एकीला एक चिकटून, लाकडी ट्रॅकवरून सरकणारी एकच लांब वस्तू असावी तशा.

या शर्यतीसाठी हेच चित्र योग्य आहे, असं मला अजूनही वाटतं. चार खेळाडू, ४००० मीटर, २५० मीटरच्या ट्रॅकवर १६ फेऱ्या. सायकलला ब्रेक नाही, गिअर बदलायची सोय नाही. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात, आणि वेळ धरली जाते ती तिसऱ्या खेळाडूच्या चाकाची. पुढचा माणूस हवा फोडतो आणि मागच्यांना साधारण एक तृतीयांश ताकद कमी लागते. थोड्या वेळाने पुढचा ट्रॅकच्या उतारावर वर चढतो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो शेवटी येऊन चिकटतो. या वेगाला सायकलस्वाराची नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद निव्वळ हवा ढकलण्यात जाते. आणि हवेचा हिशेब फार क्रूर आहे: वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते.

म्हणजे प्रतिस्पर्धी हवा आहे, आणि ती टीव्हीवर दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं समालोचन तरी कसं करणार? मग दाखवायला उरतात घामाचे चेहरे, कडेला ओरडणारे प्रशिक्षक आणि 'जिद्द' हा शब्द. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. क्रिकेटमध्ये चेंडूची शिवण दाखवतात, स्विंग समजावून सांगतात, हॉटस्पॉट काय, अल्ट्राएज काय. सायकलिंगमध्ये मात्र खेळाडूच्या पायांच्या रेषेत यावा म्हणून ब्रिटिश सायकलचा पुढचा फोर्क विचित्र रुंद का केलाय, हे शोधायला मला नंतर तासभर वाचत बसावं लागलं.

ती अंतिम फेरी इटली आणि डेन्मार्कची होती. शेवटच्या किलोमीटरला डेन्मार्क पुढे होता. मग फिलिप्पो गान्ना इटलीच्या पुढे आला आणि त्याने अंतर खायला सुरुवात केली. इटली ३:४२.०३२, विश्वविक्रम. डेन्मार्क ३:४२.१९८. फरक ०.१६६ सेकंद, म्हणजे त्या वेगाला ट्रॅकवर जेमतेम ३ मीटर. मी पलंगावर उभी होते. हॉकीही विसरले होते, खोटं कशाला बोलू.

पण आदल्या दिवशी जे घडलं ते मला जास्त बोलकं वाटतं. डेन्मार्कच्या खेळाडूंनी नडगीवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. क्रिकेट बघणाऱ्याला यामागची शंका लगेच कळेल. चेंडूची शिवण जशी हवेच्या थराला खोड घालते, तशी पायावरची पट्टीही घालू शकते. बाकीच्या संघांनी तक्रार केली, पट्ट्या निघाल्या. आणि मग ब्रिटनविरुद्धच्या फेरीत डेन्मार्कचा पुढचा खेळाडू, मान खाली, नजर चाकाखालच्या रेषेवर, आपल्या संघापासून मागे पडलेल्या ब्रिटिश खेळाडूवर मागून थेट जाऊन आदळला. हवेसाठी मान इतकी खाली घातली होती की समोरचा माणूस दिसला नाही. पकडलं म्हणून निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला आणि तेच अंतिम फेरीत आले.

यानंतर मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. क्लिअर लिहितात की १९०८ पासून ब्रिटिश सायकलपटूंना ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण मिळालं होतं. हे चूक आहे. १९२० मध्ये एक मिळालं. १९९२ मध्ये बार्सिलोनात क्रिस बोर्डमनने वैयक्तिक परस्यूट जिंकली. २००० मध्ये सिडनीत जेसन क्वीलीने एक किलोमीटरची शर्यत जिंकली. म्हणजे २००३ पर्यंत किमान तीन. एखादा आकडा चुकला तर चुकला, मी परीक्षेत याहून मोठ्या चुका केल्यात. पण ही चूक गोष्टीच्या सोयीची आहे. ३७ पटीच्या गोष्टीला सुरुवात शून्यातून लागते, आणि मधला बोर्डमन तिथे अडचण करतो.

कारण बोर्डमनची गोष्ट उशीची नाही. तो बेकार सुतार होता हे खरं, पण बार्सिलोनात त्याच्या बुडाखाली लोटस कंपनीने बनवलेली कार्बनची एकसंध सायकल होती. मूळ कल्पना माइक बरोज या नॉर्विचच्या माणसाची, तो ती कित्येक वर्षं घेऊन फिरत होता. अंतिम फेरीत बोर्डमनने जर्मनीच्या विश्वविजेत्या येन्स लेमानला चक्क गाठून मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी जगाने विचारलं: माणूस जिंकला की सायकल?

मग १९९४ मध्ये मँचेस्टरला बंदिस्त वेलोड्रोम उभा राहिला. १९९६ मध्ये अटलांटात अख्ख्या ब्रिटनला सर्व खेळ मिळून एक सुवर्ण मिळालं, नामुष्की झाली आणि पुढच्या वर्षापासून सरकारी लॉटरीचा पैसा खेळाकडे वळला. बोर्डमनचे प्रशिक्षक पीटर कीन यांनी त्या पैशावर सायकलिंगचा कार्यक्रम आखला. ब्रेल्सफर्ड आले ते या तयार पायावर. पुढे बोर्डमनच्याच हाताखाली तंत्रज्ञांची एक गुप्त तुकडी सायकली, कपडे आणि हेल्मेटं विंड टनेलमध्ये घासूनपुसून घेत होती. पुस्तकात विंड टनेलचा उल्लेख आहे, नाही असं नाही. पण तो उशीच्या शेजारी, उशीच्याच मापाचा.

मला वाटतं, या गोष्टीची खरी गंमत इथेच आहे. संघाने जगाला मोकळेपणाने सांगितली ती उशी, हातांचा साबण, पांढरा ट्रक. सायकली मात्र झाकून ठेवल्या. २०१२ मध्ये लंडनला फ्रेंचांनी संशयाने विचारलं, तुमच्या चाकांत आहे तरी काय? ब्रेल्सफर्ड गंभीर चेहऱ्याने म्हणाले की आमची चाकं जरा जास्तच गोल आहेत. फ्रान्समध्ये काहींनी ते खरंही मानलं. चाकं फ्रेंच कंपनीचीच होती.

आणि ज्याने खरोखर घरी बसून एकेक टक्का जोडला, त्याचं काय झालं? तो ग्रॅम ओब्री. स्कॉटलंडचा, पैशाने कंगाल. त्याने स्वतःच्या हातांनी सायकल बनवली आणि तिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग बसवले. हात छातीखाली दुमडून बसायची पद्धत त्याने स्वतः शोधली. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेत हामारला एक तासाच्या विक्रमाचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. आठवड्याच्या आत बोर्डमनने विक्रम मोडला ते सोडा. १९९४ च्या विश्वस्पर्धेत त्या बैठकीवरच बंदी आली आणि ओब्री बाद झाला. त्याने हात पुढे ताणून बसायची नवी पद्धत काढली, १९९५ मध्ये विश्वविजेता झाला. पुढे तीही बंद. सायकल कशी दिसावी आणि माणसाने तिच्यावर कसं बसावं, हे ठरवणारे लोक वेगळे असतात. त्यांच्यासमोर रोजचा टक्का घेऊन गेलं की ते नियमपुस्तक उघडतात. ऑलिंपिकचं पदक ओब्रीला कधीच मिळालं नाही. अभ्यासिकेच्या भिंतीवर मला त्याचा फोटो हवा होता, पण मग कूलरपाशी पाणी प्यायला कुणी थांबलं नसतं.

यंत्रच सगळं करतं, असंही मी म्हणत नाही. रिओत २०१६ मध्ये अमेरिकेच्या मुली साखळी डाव्या बाजूला असलेल्या खास सायकली घेऊन आल्या आणि रौप्य घेऊन गेल्या. सुवर्ण ब्रिटनने नेलं. गान्नाचे पाय गान्नाचेच होते. आणि 'थोडं थोडं सुधारू' ही भाषा कुठवर ताणता येते तेही दिसलंच: ब्रेल्सफर्डच्या रस्त्यावरच्या संघाने परवानगी असलेलं औषध आजारासाठी नव्हे तर कामगिरीसाठी वापरलं, नैतिक सीमा ओलांडली, असं ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८ मध्ये म्हटलं. संघाने ते नाकारलं.

आता एक साधा हिशेब. २००८ मध्ये बीजिंगला ब्रिटनने टीम परस्यूटचा विश्वविक्रम केला: ३:५३.३१४. पॅरिसमध्ये २०२४ ला ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत तो नेला ३:४०.७३० वर. मधली १६ वर्षं. सगळ्या श्रीमंत देशांचे पैसे, विंड टनेल, कार्बन, नडगीच्या पट्ट्या, सगळं मिळून वेळ घटली साडेपाच टक्क्यांहूनही किंचित कमी. ३७ पट वगैरे नाही. १६ वर्षांत साडेपाच टक्के. हे मी रूममेटला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, मग मी एका वर्षात किती मागत होते स्वतःकडून?"

तिला मी अजून एक क्लिप पाठवली, टोकियोचीच, २५ जुलैची. महिलांची रस्त्यावरची शर्यत, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर, गणितात पीएचडी, कुठल्याही व्यावसायिक संघात नाही, झेंडा पडताक्षणी पुढे निघाली. बाकी सगळ्या नावाजलेल्या मुली मागे. इतर शर्यतींत खेळाडूंच्या कानात रेडिओ असतो, पुढे कोण आणि किती अंतरावर ते संघाची गाडी सांगते. ऑलिंपिकमध्ये रेडिओ नसतो. नेदरलँड्सच्या संघात जगातल्या सगळ्यात तगड्या चौघी होत्या, आणि पुढे निघालेल्यांपैकी एक अजून पुढेच आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. कीसेनहोफर एकटीच फुजीच्या रेसट्रॅकवर आली, जिंकली आणि खाली बसली. सव्वा मिनिटाने आनेमिक फान फ्ल्यूटेन आली, दोन्ही हात वर करून, हसत.

रूममेटने विचारलं, "ही हसतेय म्हणजे हीच जिंकली ना?"

मी लिहिलं, "नाही. ही दुसरी."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "मग तिला हे सांगितलं कुणी?"