मुद्देमालावरचा रंग

आमच्या धंद्यात मुद्देमालाला फार जपावे लागते. गुन्ह्यातील कोयता पंचांसमक्ष जप्त होतो, त्याला चिठ्ठी बांधली जाते, तीवर लाखेची मोहोर उठते. आणि तो न्यायालयात येईपर्यंत ज्या ज्या हातांतून गेला, त्या प्रत्येक हाताची नोंद दाखवावी लागते. मधली एक नोंद गळाली तर कोयता तोच असूनही त्याच्या साक्षीची किंमत उतरते. जुन्या लढाऊ विमानांची संग्रहालये आणि त्यांची छायाचित्रे न्याहाळताना ही सवय माझी पाठ सोडीत नाही. विमान खरे असते. त्याच्या अंगावरची चिठ्ठी मात्र पुष्कळदा दुसऱ्याच विमानाची असते.

ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातील हॉकर टेम्पेस्ट घ्या. हे त्या जातीतले 'मार्क दोन', सेंटॉरस इंजिनाचे विमान. अंगावर पीआर ५३६ हा ब्रिटिश क्रमांक, ब्रिटिश वर्तुळे आणि ५ व्या स्क्वाड्रनची ओक्यू ही अक्षरे. पाहणारा त्याला दुसऱ्या महायुद्धातला वीर समजून पुढे सरकतो. वस्तुतः हा प्रकार पूर्वेकडील लढाईसाठी सिद्ध होत होता, आणि तो लढाईत उतरण्याआधीच जपानने शरणागती पत्करली. पुढे मलायात ब्रिटिशांनी ही विमाने वापरली हे खरे. परंतु १९४७ साली या प्रकारची बरीच विमाने भारताच्या हवाली झाली, आणि त्यांचे लढणे झाले ते १९४७-४८ मध्ये काश्मीरात व १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात. पीआर ५३६ देखील त्या हवाली झालेल्यांपैकीच. एचए ४५७ हा त्याचा भारतीय क्रमांक. संग्रहालयाच्या दप्तरात तो नमूद आहे. कागदोपत्री कबुली आणि रंगात इन्कार, असा हा प्रकार.

बीदर-कलबुर्गीच्या माणसाला हा इन्कार इतरांपेक्षा अधिक खुपावा, याला कारण आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, उमरग्याच्या पुढे, राजेश्वर नावाचे आमच्या जिल्ह्यातील गाव लागते. १४ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा उमरग्याहून इकडे निघाल्या, तेव्हा वाटेत दबा धरून बसलेल्या मोर्च्यांची वर्दी टेहळणी विमानांनी आधीच दिली होती. मोर्चे मोडण्यासाठी टेम्पेस्ट बोलावण्यात आली. रस्ता मोकळा झाला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. चार दिवसांनी, १८ तारखेला, जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्या आधीचे महिने बीदरच्या आकाशाने आणखी एक जात पाहिली होती. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरट्या शस्त्रांच्या खेपा आणीत असे, आणि त्याची लँकॅस्ट्रियन विमाने, म्हणजे लँकॅस्टर बाँबफेकी विमानाचाच मुलकी अवतार, येथे व वरंगळला उतरत. महायुद्धाच्या दोन अवशेषांचा सामना, महायुद्ध संपल्यावर तीन वर्षांनी, आमच्या काळ्या रानावर होता होता राहिला. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना टेम्पेस्ट हे नाव ठाऊक नव्हते. ती 'घरघर' एवढेच म्हणत आणि तुरीच्या ओळींत पालथे पडल्याचे सांगत.

आता लिबरेटरची कथा. ती तर कोणत्याही मामलेदारापुढे मांडावी इतकी स्पष्ट आहे. उसनवारी-भाडेपट्टीच्या कराराने अमेरिकेने ही चार इंजिनांची विमाने ब्रिटिशांना दिली होती. युद्ध सरल्यावर ती कानपूरला आणून मोडीत काढण्यात आली, आणि ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून उपकरणे फोडण्यात आली, इंजिनांत वाळू ओतण्यात आली. त्या ढिगातून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी १९४८ साली एकेक विमान उठवले. जागच्या जागी ते उडण्याजोगे करावयाचे आणि कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगलोरला न्यावयाचे. तेथे मग खरी डागडुजी. अशी बेचाळीसच्या आसपास विमाने निघाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ वी स्क्वाड्रन त्यांवर उभी राहिली, पुढे पुण्याच्या ६ व्या स्क्वाड्रनने त्यांतून सागरी टेहळणी केली, आणि १९६८ अखेर ती निवृत्त झाली. ज्या विमानांचे अन्यत्र भंगार झाले, ती भारतात वीस वर्षे उडत होती! (गोमंतकीय वाचकांनी दाबोळीच्या नाविक विमान संग्रहालयातील सुपर कॉन्स्टेलेशन पाहिलेच असेल; लिबरेटरचे काम पुढे पुण्यात ज्यांनी केले, त्या घराण्यातले ते.)

अठरा हजारांवर लिबरेटर बांधले गेले. जगातील संग्रहालयांत आज जी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी उरली आहेत, त्यांतील निम्म्याच्या आसपास या कानपुरी ढिगातून आलेली आहेत. त्यांचे झाले काय? अमेरिकेतील पिमाच्या संग्रहालयात गेलेल्या विमानावर इंग्लंडातून उडणाऱ्या एका अमेरिकन विमानाचे नाव व चित्र रंगवले गेले. कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने घेतलेल्या विमानाने तर एकामागून एक तीन सोंगे घेतली. त्यांतले शेवटचे 'विचक्राफ्ट', म्हणजे १३० मोहिमा केलेल्या एका वेगळ्याच विमानाचे नाव.

यावर उत्तर आहे, आणि ते हलके नाही. ज्या तुकड्यांची सर्व विमाने नष्ट झाली, त्यांतील म्हाताऱ्या सैनिकांना आपले विमान एकदा डोळ्यांनी पाहावेसे वाटते. रंग हे त्यांच्या मृतांचे श्राद्ध आहे. श्राद्धाला माझी हरकत नाही. पण श्राद्ध दुसऱ्याच्या घरात, त्या घराच्या मालकाचे नाव पुसून का व्हावे? सोंग घेणाऱ्याने निदान आपले नाव सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मात्र दोषाचे माप परक्यांच्याच पदरात टाकणे मला जमणार नाही. दिल्लीच्या पालम संग्रहालयात टेम्पेस्टही आहे आणि लिबरेटरही. तेथे रंगाची तक्रार नाही; तक्रार आहे ती ज्या जमिनीवरून ही विमाने गेली तिच्याविषयीच्या मौनाची. काश्मीरची लढाई सांगावयास आपला कंठ मोकळा असतो, हैदराबादचे नाव निघाले की तो आवळतो. कारण उघड आहे. १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी आमच्या गोरट्यात जे केले ते सांगितले, की मोकळ्या झालेल्या रस्त्याने नंतर काय आले तेही सांगावे लागते. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे ओढवले, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले, असे सुंदरलाल समितीने लिहिले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. विमानांनी हे केले नाही. विमाने मोर्च्यांवर आली आणि परतली. परंतु मोहोर फोडून मुद्देमाल तपासावयाचा म्हटले, की त्याच्यासोबतचा पंचनामा अख्खा वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची आपली तयारी नाही.

१९९६ साली हवाई दलाचे सूर्यकिरण पथक बीदरलाच स्थापन झाले. आमची मुले विमानांच्या आवाजात वाढतात आणि त्यांना त्याचे भय ठाऊक नाही, ही समाधानाचीच गोष्ट. त्यांतील एखादे उद्या पालमला जाईल आणि टेम्पेस्टपुढे उभे राहील. चार तोफा, पुढे फुगलेले इंजिन, वेग, वजन. या ओळींखाली आणखी एक ओळ मावते: राजेश्वर, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर, १४ सप्टेंबर १९४८.