मराठी आत्मकथनांतील पहिल्या पिढीचा विद्यार्थी : परतीच्या वाटेचा प्रश्न

प्रस्तावना :

ज्याच्या घराण्यात आधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात लक्षणीय संख्येने दिसू लागला तो स्वातंत्र्योत्तर काळात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे. अशा संस्थांमुळे शिक्षणाचे दार ज्यांच्यासाठी उघडले, त्या पिढीने पुढे लेखणी हाती घेतली आणि मराठी आत्मकथनाचे स्वरूपच पालटले.

या आत्मकथनांची समीक्षा बहुधा दोन सूत्रांभोवती फिरते : भोगलेले दुःख आणि शिक्षणाने झालेली मुक्ती. पहिले सूत्र निर्विवाद आहे. दुसरे मात्र अपुरे आहे. शिक्षणाने माणूस घराबाहेर पडतो हे समीक्षेने नोंदवले. तो घरी परत कसा जातो, हा या कथनांतील तितकाच महत्त्वाचा प्रश्न दुर्लक्षित राहिला.

शिक्षणाचा हिशेब :

आनंद यादव यांच्या 'झोंबी'मध्ये (१९८७) मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला जुंपणारा बाप वाचकाला खलनायक वाटण्याचा संभव आहे. परंतु बापाचा विरोध केवळ अज्ञानातून आलेला नाही. शेतकरी कुटुंबात मुलगा म्हणजे राबणारे दोन हात. शाळेतला प्रत्येक तास शेतातल्या कामातून वजा होतो आणि ते काम आई-भावंडांच्या अंगावर पडते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी शिकतो तेव्हा त्याच्या शिक्षणाची किंमत घरातील न शिकलेली माणसे चुकवीत असतात. हे ऋण पदवीने फिटत नाही. यादवांचे आत्मकथन 'झोंबी'वर थांबत नाही. 'नांगरणी' (१९९०), 'घरभिंती' (१९९२) आणि 'काचवेल' (१९९७) असे ते पुढे चालत राहते. शिक्षण हा कथेचा शेवट नसून नव्या गुंत्याचा आरंभ आहे, हे या विस्तारातूनही सूचित होते.

दुभंगलेला निवेदक :

दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) हाच प्रश्न निवेदनाच्या रचनेत उतरला आहे. दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. वस्तुतः दोघे एकच आहेत. ही योजना केवळ शैलीची क्लृप्ती नव्हे. घराने ज्याला दगडू म्हटले तो आणि शिकून लेखक झालेला तो, यांच्यात इतके अंतर पडले आहे की एकाला दुसऱ्याशी संवाद साधावा लागतो. हे अंतर आत्मकथनाचा घाटच ठरविते.

स्त्रीच्या वाट्याला हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) लग्न, नोकरी आणि मुले सांभाळून घेतलेले उच्च शिक्षण पतीला खुपते. पुरुष विद्यार्थ्याला घर सोडून शिकता येते. ती घरात राहूनच परकी ठरण्याचा धोका पत्करते.

नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या प्रश्नाला एक निराळे उत्तर देते. बापाने लिहून ठेवलेल्या आठवणी येथे त्याच्याच बोलीत स्थान मिळवतात. शिकलेली मुले बापाविषयी बोलतात, पण बापाला गप्प करून नव्हे. शीर्षकातील 'आम्ही' हे सर्वनाम यश एकट्याचे नाही, असे सांगते. परतीची वाट येथे भाषेतून सापडते.

एक आक्षेप :

तुटलेपणावर असा भर दिल्याने शिक्षणाचे मोल कमी होते, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त नाही. यांपैकी एकही लेखक शिक्षण नाकारत नाही. लिहिण्याची शक्तीच त्यांना शिक्षणाने दिली आहे. चुकवावी लागलेली किंमत हा शिक्षणाविरुद्धचा पुरावा नव्हे. ती किंमत एकट्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या घराने का चुकवावी, असा शिक्षणसंस्थेला विचारलेला तो प्रश्न आहे.

समारोप :

या विवेचनाचा संबंध थेट अध्यापनाशी आहे. ही आत्मकथने शिकविताना 'लेखकाचा शिक्षणासाठीचा संघर्ष स्पष्ट करा' या धर्तीचे प्रश्न सवयीचे झाले आहेत. त्यांच्या उत्तरात संघर्ष भूतकाळात जमा होतो आणि यश तेवढे शिल्लक उरते. परंतु त्याच वर्गात, ज्याच्या घरी प्रवेशअर्ज वाचून दाखवणारेही कोणी नाही, असा विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्यापुढे केवळ विजयगाथा ठेवली, तर स्वतःचे अवघडलेपण त्याला स्वतःचाच दोष वाटू लागते. हे अवघडलेपण दगडूला आणि दया पवारांनाही चुकले नाही, हे त्याला पाठ्यपुस्तकातून कळले पाहिजे. त्यासाठी या आत्मकथनांचे वाचन पदवीपाशी थांबता कामा नये. घरी परतलेल्या मुलाशी आई-बाप कोणत्या भाषेत बोलतात आणि तो त्यांना कोणत्या भाषेत उत्तर देतो, इथपर्यंत ते गेले पाहिजे.