ऐतिहासिक कादंबरीतील व्यक्तिरेखेची विश्वसनीयता : श्रीवर्धनच्या भट घराण्याच्या संदर्भात

पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. तेथील देशमुखी या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वैर आल्याने बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. पुढे या घराण्याने मराठी ऐतिहासिक कादंबरीला नायक पुरविले. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आणि ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

अशा कादंबरीचा शेवट वाचकास आधीच ठाऊक असतो. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने जाणार, हे पहिले पान उघडण्यापूर्वीच माहीत असते. त्यामुळे पात्राची विश्वसनीयता पुढे काय झाले यावर अवलंबून नसते. त्या घटकेला त्याला वेगळे वागता आले असते, या प्रतीतीवर ती उभी राहते.

'स्वामी'चे यश येथे आहे. १७६२ मध्ये आळेगावी माधवराव रघुनाथरावांच्या स्वाधीन झाले. १७६८ मध्ये धोडप येथे त्याच काकांचा पराभव करून त्यांनी त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. इतिहासाच्या दृष्टीने ही दोन राजकीय पावले. कादंबरीत मात्र वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि दौलतीची चिंता एकाच मनात झगडतात. करारी माधवराव त्यामुळे क्वचित दुबळे भासतात, आणि तेव्हाच अधिक खरे वाटतात. रघुनाथरावही निव्वळ खलपुरुष राहत नाहीत. रमाबाईंच्या बाबतीत असे घडत नाही. कादंबरीच्या लोकप्रियतेत त्यांचा वाटा मोठा असला, तरी त्यांच्या मनाला दुसरी ओढच नाही. परिणामी त्यांचे सहगमन हा निर्णय न वाटता पूर्वनियोजित विधी वाटतो.

श्रीवर्धनच्या दक्षिणेस, बाणकोटच्या खाडीपलीकडे दापोलीचा मुलूख आहे. तेथील श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'तील (१९५२) बापूची बंडखोरी खोत, देऊळ आणि गावाची कुजबुज यांच्याविना अर्थहीन ठरेल. कादंबऱ्यांतील पेशवे मात्र पुण्यातच घडल्यासारखे येतात. कोकणाचा ठसा त्यांच्यावर फारसा दिसत नाही. या दृष्टीने बाळाजी विश्वनाथ हे कादंबरीकारास अधिक आव्हान देणारे पात्र होय. त्यांच्या पूर्वायुष्याची साधने तुटपुंजी असल्याने कल्पनेला तेथे मोकळीक आहे. वतन सोडून घाट चढणाऱ्या या माणसाने सिद्दीशी जुळवून घेण्याचा विचार एकदाही केला नसेल काय?