दुभंग : प्रतिमा आणि दुखणे

दलित साहित्याच्या समीक्षेत 'दुभंगलेले मन' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याचा अर्थ आता कोणी विचारत नाही. दया पवारांचे 'बलुतं' (1978) हे त्याचे ठरलेले उदाहरण. त्यात शिकून पांढरपेशा झालेला दया पवार आणि महारवाड्यातला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयात हे पुस्तक शिकवताना मीही एकदा फळ्यावर 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द लिहिला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, "सर, माझ्या भावाला डॉक्टर हेच म्हणतेत. पण तो काही दोन माणसं झाला नाही. तो एकटाच हाय, अन् त्याला सारखं कोणीतरी बोलतंय."

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे तेव्हा राहून गेलेले उत्तर आहे.

ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 मध्ये हा शब्द वापरात आणला. त्याला अभिप्रेत असलेला दुभंग हा विचार, भावना आणि वर्तन यांच्यातला होता. एका देहात दोन माणसे असा नव्हता. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्यावर टपले आहे अशी पक्की समजूत होते, विचारांचा धागा तुटतो, माणूस बोलणे आणि काम सोडून देतो. दगडूला यातले काय होते? काहीच नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेतला नायक निवाऱ्यासाठी जात लपवतो, तेही आजाराचे लक्षण नव्हे. ते वास्तवाचे अचूक भान आहे. रोग गावाच्या रचनेत आहे आणि आपण तो सोसणाऱ्याच्या डोक्यात दाखवतो. प्रस्थापितांना याहून सोयीचे काय असणार?

पण आपल्या या सैल भाषेचा दुसरा बळी अधिक मुका आहे. 'वेडा' हा शब्द विद्रोहाची प्रतिमा म्हणून मिरवला की जो खरोखर आजारी आहे तो दिसेनासा होतो. मनाचे आजार एक नव्हेत. स्किझोफ्रेनिया वेगळा, उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा द्विध्रुवीय विकार वेगळा, नुसते नैराश्य, चिंताविकार, व्यसन हे आणखी वेगळे. फेफरे हा तर मेंदूचा आजार, तरी त्यावर अजून अंगारा लावला जातो. उपायही एक नव्हे. 1952 मध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरले जाऊ लागले, तेव्हापासून स्किझोफ्रेनियाच्या उपचारात औषध हा मुख्य आधार आहे आणि ते बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते. द्विध्रुवीय विकारावर लिथियम चालते. सौम्य नैराश्यात आणि चिंतेत बोलून केलेला उपचारही गुण देतो. तीव्र नैराश्यात त्याच्या जोडीला गोळ्या लागतात.

आता बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' घ्या. त्यात महारवाड्यातल्या बायकांच्या अंगात येणे आणि सुनांचा छळ अगदी शेजारी शेजारी येतात. आपण हा भाग 'धर्मांतरापूर्वीची अंधश्रद्धा' म्हणून निकालात काढतो. हे वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. ज्या सुनेचे कोणी ऐकत नाही तिच्यापुढे अंगात आल्यावर घर हात जोडते, हे त्या वर्णनात मला दिसते. आजचे मानसशास्त्र अंगात येण्याला सरसकट आजार म्हणत नाही. ते इच्छेविरुद्ध घडत असेल, रूढीत मान्य नसेल आणि त्याने जगणे विसकटत असेल, तरच आजार म्हणते. 1956 नंतर आपण घरातले देव काढले, देवऋषी नाकारला, हे योग्यच झाले. पण त्या रिकाम्या जागी डॉक्टर आला का?

आमच्या जिल्ह्यात याचे उत्तर ऊसतोडीच्या हंगामावर ठरते. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला, अत्यावश्यक यादीतली औषधे सरकारी दवाखान्यात मोफत दिली. पण दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्या विद्यार्थिनीच्या भावाच्या मागे गावात राहणार कोण? तोही बायकोबरोबर कोयत्यात धरला गेला. गोळ्या महिन्याभरात संपल्या, आणि फडावरच्या कोपीत ते आवाज परत आले. लोक म्हणाले, बाहेरचं झालंय. गोळी चुकली ती उचलीमुळे, आणि दोष गेला भुताला.

इथे मला फ्रांझ फॅनन आठवतो. 1953 ते 1956 या काळात तो अल्जीरियातल्या ब्लिदा येथील मनोरुग्णालयात डॉक्टर होता. 1961 साली निघालेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात वसाहतीच्या युद्धाने मोडलेल्या माणसांच्या रुग्णनोंदी आहेत. गुलामगिरी संपली की सगळे बरे होतील, असे म्हणून त्याने रुग्णाला ताटकळत ठेवले नाही; आणि औषध दिले म्हणजे काम संपले, असेही मानले नाही. त्याने उपचार केले, नंतर राजीनामा देऊन मुक्तिलढ्यात उडी घेतली.

आपल्या समीक्षेला हे दुहेरी भान हवे आहे. जातीने दिलेल्या जखमेला आजार म्हणायचे नाही. आणि आजाराला नुसती जातीची जखम म्हणून उपचारावाचून ठेवायचे नाही. कार्यकर्त्यांनी उचल, मजुरी आणि विम्याच्या मागण्यांत एक मागणी वाढवावी : टोळी निघताना मनोरुग्णाला पुरेशी औषधे मिळावीत आणि कारखान्याच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच केसपेपरवर पुढची मिळावीत. आणि लेखकांनी, शिक्षकांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द अलंकार म्हणून वापरणे थांबवावे.

मी फळ्यावरचा तो शब्द पुसला आहे. 'बलुतं' शिकवताना आता 'जात' लिहितो. त्या मुलीच्या भावाविषयी बोलायचे तेव्हा आजाराचे नाव घेतो, आणि गोळ्या किती उरल्या ते विचारतो.