‘तू’ : एका ध्वनिमुद्रिकेतील माओरी भाषा

न्यूझीलंडमधील ‘एलियन वेपनरी’ या हेवी मेटल वाद्यवृंदाचा ‘तू’ हा पहिला गीतसंग्रह जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी कानाला हे शीर्षक सर्वनामासारखे वाटेल. परंतु माओरी भाषेत ‘तू’ म्हणजे उभे राहणे, आणि ‘तूमाताउएंगा’ या युद्धदेवतेच्या नावाचे ते संक्षिप्त रूपही होय. हेन्री व लुईस डी जाँग हे बंधू आणि त्यांचा सहकारी ईथन ट्रेम्बाथ हे तिघेही त्या वेळी विशीच्या आतले होते. बंधूंचे प्रारंभीचे शिक्षण माओरी माध्यमाच्या शाळेत झाले. १९८२ पासून ‘भाषेची घरटी’ या नावाने निघालेल्या बालशाळांनी ज्या चळवळीचा पाया घातला, तिचेच हे फळ म्हणावे लागेल.

या संगीतात शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा त्यातून भाषेचे रक्षण कसे होणार, असा आक्षेप संभवतो. तो सर्वस्वी निराधार नाही. माओरीत व्यंजने अवघी दहा. जोडाक्षर नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरान्त. त्यामुळे कंठ फोडून केलेल्या गर्जनेतही अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. ‘हाका’ या सामूहिक युद्धघोषाची परंपराही याच गुणावर उभी आहे. मात्र या भाषेत स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व अर्थभेदक असते : ‘तंगता’ म्हणजे माणूस, ‘तांगता’ म्हणजे माणसे. आरोळी लांबली की ऱ्हस्व स्वर सहजच दीर्घ होतो, आणि एका माणसाची अनेक माणसे होतात! असे असूनही हानी मर्यादित राहते. कारण ‘ते’ आणि ‘ङा’ ही एकवचन-अनेकवचनदर्शक उपपदे नामाच्या आधी येऊन वचन सांगून जातात. ‘काइ तंगता’ (मनुष्यभक्षण) या गीतशीर्षकात उपपद नाही. तेथे शब्दप्रयोगाची रूढीच अर्थ सांभाळते.

संग्रहातील सर्वांत समर्थ रचना ‘रू आना ते फेनुआ’ ही होय. २९ एप्रिल १८६४ रोजी गेट पा येथे सुमारे १,७०० ब्रिटिश सैनिकांना अवघ्या दोन-अडीचशे माओरींनी परतवून लावले. त्या लढाईत धारातीर्थी पडलेला ते अहोअहो हा डी जाँग बंधूंचा पूर्वज. भूमी थरथरते आहे, एवढाच शीर्षकाचा अर्थ. ढोलाच्या आघातांशी त्याचे नाते वेगळे सांगावे लागत नाही. ‘राउपातु’ हे गीत १८६३ च्या कायद्याने झालेल्या भूमिहरणाविषयी आहे. त्यातील संताप खरा असला, तरी रचनेत तितकी विविधता नाही.

इंग्रजी गीते मात्र उणी पडतात. ‘पीसी ब्रो’ किंवा ‘हिपोक्रिट’ अन्य कोणत्याही देशातील तरुणांनी लिहिली असती, तरी फारसा फरक पडला नसता. माओरी गीतांतील ‘मी’ पूर्वजांसह बोलतो. इंग्रजी गीतांतील ‘मी’ एकटाच चिडतो. दोन भाषांमध्ये वाढलेल्या कवीला हे अटळ आहे असे नव्हे. येथे ते तसे घडले आहे, इतकेच.

लेखनपद्धतीचा एक प्रश्नही लक्षणीय आहे. ‘तू’ या शीर्षकात दीर्घत्व स्वरावरील आडव्या रेघेने दाखविले आहे, तर महामारीविषयीच्या ‘उरुता’ या गीतनामात स्वर दोनदा लिहून. पहिली पद्धत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या माओरी भाषा आयोगाने पुरस्कारलेली. दुसरीचा आग्रह भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज यांनी धरला होता. एकाच वेष्टनावर दोन्ही पद्धती सुखाने नांदत आहेत.