आद्याक्षर आणि शिफारस : जपानी गाण्यांच्या याद्यांविषयी

मंडळी, आजचा विषय ऐकून कुणालाही वाटेल, लोणी काळभोरात बसून जपानी गाण्यांच्या याद्यांचं काय करायचं? पण हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. तुकोबांची पालखी वारीच्या वाटेवर आपल्या गावी मुक्कामाला असते. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यातला एखादा हवा असला की आपण काय करतो? मागची अकारादी सूची उघडतो. पहिला शब्द आठवला की अभंग हाती लागतो. जपानी रसिक गाण्यांच्या बाबतीत असंच काहीसं करतात. ज्यांचं नाव 'अ'नं सुरू होतं ती गाणी, 'का'नं सुरू होतं ती गाणी, अशा याद्या हौसेनं केल्या जातात आणि 'ही जरूर ऐका' म्हणून पुढे दिल्या जातात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. यादी म्हणून हा प्रकार चांगला आहे, शिफारस म्हणून अपुरा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच आज दाखवायचं आहे.

आपल्या शास्त्रांत 'उपलक्षण' नावाची एक कल्पना आहे. तिचं ठरलेलं उदाहरण असं : देवदत्ताचं घर कोणतं? तर ज्याच्यावर कावळा बसलाय ते. कावळ्यामुळे घर ओळखता येतं, पण कावळा काही घराचा भाग नाही. तो उडाला तरी घर तसंच राहतं. गाण्याच्या नावातलं पहिलं अक्षर हा असा कावळा आहे. तो घर दाखवतो. घरात काय आहे, आत का जावं, हे तो सांगत नाही.

आता बघा, हा कावळा आला कुठून? जपानी वर्णक्रमात स्वर आहेत अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी लागतात त्या अशा : अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. मराठी माणसाला हे ऐकून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटायला हवं. कारण हा क्रम आपल्याच वर्णमालेचा आहे. सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो तिकडे रुजला. अकराव्या शतकापासून त्याचे तक्ते सापडतात. 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'ह' कसा, असं तुम्ही विचाराल. तर ती जागा प-वर्गाची. फार पूर्वी या ओळीचा उच्चार 'प'च्या जवळचा होता, पुढे तो 'फ'वरून 'ह'वर आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणून आजही 'हा, हि' यांच्यानंतर 'फु' येतो.

याच्या जोडीला दुसरा एक क्रम होता, 'इरोहा'. ती एक कविता आहे. तिच्यात सत्तेचाळीस अक्षरं एकेकदाच येतात आणि अर्थ निघतो तो अनित्यतेचा. मुलं अक्षरं शिकता शिकता 'सगळं जाणारं आहे' हेही शिकत. १८८९ ते १८९१ या काळात 'गेंकाई' हा मोठा शब्दकोश निघाला, त्यानं अ-क-स-त हा क्रम घेतला. पुढे शोधण्याच्या कामाला तोच रूढ झाला. सोय झाली यात शंका नाही. पण अक्षरक्रमातली कविता गेली आणि नुसता कावळा उरला, हेही खरं.

आता गाण्यांकडे येऊ. 'अ'च्या यादीत 'अकातोंबो' हमखास असतं. अकातोंबो म्हणजे तांबडा चतुर, पावसाळा सरता सरता शेतावर भिरभिरतो तो. कविता मिकि रोफू यांची, १९२१ची. चाल यामादा कोसाकु यांनी १९२७ साली दिली. लहानपणी कुणाच्या तरी पाठीवरून पाहिलेले चतुर कवीला आठवतात. त्याला सांभाळणारी मुलगी पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि मग तिच्या गावाकडची खबरही येईनाशी झाली. ज्यानं जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत त्यानं हे गाणं ऐकावं. हे मी म्हणालो ना, ही झाली शिफारस. 'अ' हे काही ऐकण्याचं कारण नव्हे.

त्यात आणखी एक गंमत आहे. हे गाणं यादीत 'अ'खाली सापडतं, पण गाताना पहिला उच्चार येतो 'यु'. १९१४चं शाळेतलं गाणं 'फुरुसातो', म्हणजे आपलं गाव, यादीत 'ह'च्या ओळीत आहे. ते सुरू होतं 'उ'नं. आपल्या अभंगाला, भावगीताला वेगळं शीर्षक सहसा नसतं. गाण्याची पहिली ओळ हेच त्याचं नाव. त्यामुळे आपली सूची गाणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या उच्चाराची सूची असते. गाण्यांच्या भेंड्या आपण त्याच जोरावर खेळतो. 'ण' किंवा 'ळ' आला की 'न' किंवा 'ल' घेतो आणि पुढे जातो. जपान्यांकडेही याच्या जवळचं काही आहे. फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात शंभर कवींची एकेक कविता निवडली. त्या कवितांना शीर्षकं नाहीत. त्यांच्या पत्त्यांच्या खेळात सात कविता अशा आहेत, की वाचणाऱ्यानं पहिलं अक्षर उच्चारलं की पत्ता उचलायचा. तिथे आद्याक्षर कवितेच्या अंगातलं आहे. शीर्षकाचं आद्याक्षर मात्र बाहेरून येऊन बसलेलं.

बाहेरून आलेलं केव्हाही बदलता येतं. 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या', हे साकामोतो क्यू यांचं १९६१चं गाणं. हे रडू आवरणाऱ्या एकट्या माणसाचं गाणं आहे. परदेशी विक्रेत्यांना नाव जड वाटलं, म्हणून त्यांनी त्याला 'सुकियाकी' म्हटलं. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ! विरहाच्या अभंगाला 'पिठलं-भाकरी' म्हणण्यातला प्रकार. त्याच नावानं ते जून १९६३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे तोक्योत ते 'उ'खाली आणि न्यूयॉर्कात 'स'खाली. गाण्यातला एक सूरही बदललेला नाही.

यापेक्षा गंभीर उदाहरण 'त्सुनामी'चं. सदर्न ऑल स्टार्स या गटाचं २०००चं अतिशय गाजलेलं प्रेमगीत. यातला पहिला उच्चार आपल्या 'चूल'मधल्या 'च'सारखा, पण जपानी क्रमात तो त-ओळीत बसतो. २०११च्या मार्चमध्ये खरी त्सुनामी आली, हजारो माणसं गेली. त्यानंतर हे गाणं लावायचं कसं, याचा संकोच तिथे निर्माण झाला. त-ओळीच्या यादीत ते आधी होतं तिथेच राहिलं, कारण अक्षराला संकोच नसतो. ज्याच्या घरचं माणूस त्या लाटेत गेलंय त्याला हे गाणं सुचवावं का, सुचवलं तर कोणत्या शब्दांत, हा विचार माणसालाच करावा लागतो.

मग अक्षरवार याद्या टाकून द्यायच्या? मुळीच नाही. त्यांच्यात एक नम्रपणा आहे. मोबाइलमधलं यंत्र म्हणतं, 'तुम्हाला हेच आवडेल.' अक्षर असं काही म्हणत नाही. ते कुणाला ओळखल्याचा आव आणत नाही. त्याच्या ओळीत म्हातारं शाळेचं गाणं आणि कालचं गाणं शेजारी बसतात. 'क'खाली मिसोरा हिबारी यांचं 'कावा नो नागारे नो यो नी' सापडतं. ते जानेवारी १९८९मध्ये आलं आणि जूनमध्ये त्या गेल्या. ते शोधायला जाणारा वाटेत आणखी दहा गाण्यांवरून जातो. यंत्र ज्याला आवडीच्या कुंपणात ठेवतं त्याला अक्षर बाहेर काढतं. हे थोडं नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तुमच्यापैकी कित्येकांची मुलं-नातवंडं पुण्यात जपानी शिकतात, गाण्यांच्या याद्या एकमेकांना पाठवतात. त्यांना सांगा, अक्षरानं लावा, हरकत नाही. पण प्रत्येक गाण्यापुढे एक वाक्य लिहा : हे कुणी ऐकावं आणि का. ते लिहिता येत नसेल, तर ते गाणं आपण अजून नीट ऐकलेलं नाही, असं समजावं. ऐकावं, आणि मग लिहावं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.