मृत्यूनंतरचा एक आठवडा

सोमवारी सकाळी धुक्यातून एकेक माणूस एका जुनाट इमारतीत शिरतो. पोपडे उडालेल्या भिंती, लाकडी जिने, करकरणाऱ्या खुर्च्या. बंद पडलेली शाळा किंवा तालुक्याच्या गावातली कचेरी असावी तशी ही वास्तू. आत गेल्यावर नाव सांगायचं आणि हाक येईपर्यंत बसून राहायचं. टेबलापलीकडचा कर्मचारी अदबीनं ज्याच्या-त्याच्या निधनाची बातमी त्यालाच देतो, दुःख व्यक्त करतो आणि मग काम सांगतो. तीन दिवसांत आपल्या आयुष्यातली एकच आठवण निवडायची. इथले लोक तिच्यावर छोटासा चित्रपट तयार करतील, शनिवारी तो दाखवतील, आणि तो पाहता पाहता माणूस तेवढीच आठवण सोबत घेऊन कायमचा निघून जाईल. बाकी सगळं पुसलं जाईल.

हिरोकाझू कोरे-एदा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘वंडरफुल लाइफ’ या १९९८ सालच्या चित्रपटाची ही सुरुवात. जपानबाहेर तो ‘आफ्टर लाइफ’ या नावानं ओळखला जातो. मृत्यूनंतर आपल्या आयुष्याचा अर्थ शोधणाऱ्या माणसांवर पुष्कळ लिहिलं आणि चित्रित केलं गेलं आहे, पण इतक्या साध्या सामग्रीतून इतक्या खोल गेलेली दुसरी कलाकृती मला माहीत नाही.

आपल्या मनातला परलोक चित्रगुप्ताच्या वहीशिवाय पुरा होत नाही. तिथं जमाखर्च मांडला जातो आणि निकाल मिळतो. कोरे-एदांच्या इमारतीत निकाल नाही. कोण पुण्यवान, कोण पापी, असा प्रश्नही कुणी विचारत नाही. अंतकाळी मनात जे असेल तशी पुढची गती, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा मात्र या कल्पनेच्या बरीच जवळची आहे. फरक इतकाच की इथं तो अंतकाळ मेल्यानंतर येतो, तीन दिवस पुरतो, आणि मनात काय असावं यावर कसलंही बंधन नसतं. देवाचं नाव घ्या, नाहीतर ट्रामच्या खिडकीतून आलेली वाऱ्याची झुळूक घ्या.

ती झुळूक चित्रपटात खरोखरच आहे. उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ट्राममध्ये बसलेल्या शाळकरी मुलाच्या तोंडावर आलेला वारा एक वयस्कर गृहस्थ निवडतात. एक आजीबाई लहानपणी थोरल्या भावाला लाल पोशाखात नाचून दाखवलेला नाच निवडतात. दुसऱ्या कुणाला १९२३ च्या कांतो भूकंपानंतर बांबूच्या बनात घेतलेला आसरा आठवतो. वेश्यांच्या गोष्टी फुशारकीनं रंगवून सांगणारा एक म्हातारा शेवटी मुलीच्या लग्नाच्या दिवसावर येऊन थांबतो. या आठवड्यात आलेल्या बावीस जणांत मोठं यश, पदवी किंवा बक्षीस निवडावंसं जवळजवळ कुणालाच वाटत नाही. दिग्दर्शक त्यावर बोट ठेवून काही सांगत नाही. ते आपलं आपल्याला हळूहळू जाणवत जातं.

या मुलाखतींना जो खरेपणा आहे तो उगाच आलेला नाही. कोरे-एदा माहितीपटांतून कथापटांकडे आलेले. पटकथा लिहिण्याआधी त्यांच्या चमूनं सुमारे ५०० सामान्य माणसांना हाच प्रश्न विचारला, आणि त्यांतले काही जण आपापल्या खऱ्या आठवणी घेऊन पडद्यावरही आले. त्यांच्या शेजारी व्यावसायिक नट बसलेले आहेत. कोण नट आणि कोण साधा माणूस, हे ओळखता येत नाही. कॅमेरा समोर स्थिर, प्रश्न विचारणारा चौकटीबाहेर, आणि माणूस बोलता बोलता अडखळतो, मागे जातो, स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतो. आठवणाऱ्या माणसाचा चेहरा हाच इथला सर्वांत सुंदर देखावा आहे. कोरे-एदांच्या लहानपणी त्यांचे आजोबा स्मृतिभ्रंशानं घरच्यांचे चेहरे विसरत गेले होते. या चित्रपटाआधी नवी आठवण साठवण्याची शक्तीच गमावलेल्या एका माणसावर त्यांनी माहितीपटही केला होता. स्मृती गेली की माणसाचं काय उरतं, हा प्रश्न त्यांना घरातूनच मिळालेला होता.

एका शाळकरी मुलीचा प्रसंग छोटा आहे, पण मला फार मोलाचा वाटतो. ती आधी डिस्नेलँडमधल्या एका राइडची आठवण सांगते. शिओरी ही मदतनीस मुलगी तिला हलकेच सांगते की तिच्याएवढ्या कितीतरी मुली हेच निवडतात. मुलगी गप्प होते. नंतर ती दुसरी आठवण घेऊन येते: अगदी लहान असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असतानाचा स्पर्श आणि धुतलेल्या कपड्यांचा वास. ‘सगळ्यांना आवडणारा’ आनंद आणि स्वतःचा आनंद यांतली रेषा दोनच संवादांत ओढली जाते.

मग चित्रीकरणाचे दिवस येतात आणि चित्रपटाचा रंग पालटतो. विमानातून पाहिलेले ढग हवेत म्हणून कापसाचे पुंजके तारेवर सरकवले जातात. चेरीच्या पाकळ्या कागदाच्या होतात, ट्रामचा डबा माणसं हातांनी हलवतात. ज्याची आठवण तो बाजूला उभा राहून सांगतो, असं नव्हतं, थोडं वेगळं होतं. या जुगाडात चेष्टेचा लवलेश नाही. सगळे झटून, मन लावून राबत असतात. आठवण म्हणजे घडलेल्या गोष्टीची प्रत नव्हे, ती दर वेळी नव्यानं घडवावी लागते, हे कोरे-एदा कापूस आणि कात्री दाखवून पटवतात. तयार झालेले चित्रपट ते आपल्याला सहसा दाखवतच नाहीत. शनिवारच्या अंधारात जे दिसायचं ते त्या-त्या माणसाचं खासगी धन आहे, हा या दिग्दर्शकाचा सुसंस्कृतपणा.

या घडवलेल्या आठवणींच्या विरुद्ध टोकाला वातानाबे नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांच्या ७१ व्हिडिओ टेप आहेत, दर वर्षाची एक. चित्रपटाचा गाभा इथं आहे. वातानाबेंना आठवण निवडता येत नाही. पोलाद कंपनीतली नोकरी, ठरवून झालेलं लग्न, निवृत्ती असं सरळ आयुष्य. त्यांना आपण जगलो याचा काहीतरी पुरावा हवा आहे. मोचिझुकी हा तरुण कर्मचारी त्यांच्यासाठी टेप मागवतो आणि बजावतो की हे चित्रण तुमच्या आठवणीशी जुळेलच असं नाही. वातानाबे दिवसभर बसून टेप पाहतात. तरुणपणी मित्रांशी वाद घालताना, जगल्याची खूण मागे ठेवीन असं सांगणारा मुलगा त्यांना दिसतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात अवघडून चित्रपटांबद्दल बोलणारी दोन माणसं दिसतात. सगळं तिथं आहे, एकही वर्ष सुटलेलं नाही, आणि तरी अर्थ सापडत नाही. पुराव्यांचा ढीग जितका वाढतो तितके ते हताश होतात.

वातानाबे हे नाव ऐकून जपानी चित्रपट पाहणाऱ्याला अकिरा कुरोसावांचा १९५२ चा ‘इकिरू’ आठवेल. तिथला वातानाबेही कारकुनी जगलेला, पण मरण समोर दिसल्यावर तो मुलांसाठी बाग उभी करतो. कोरे-एदांच्या वातानाबेला ती संधी नाही, तो मेलेलाच आहे. आता नवं काही करता येणार नाही, जे जगून झालं त्यातच शोधायचं. अखेरीस त्यांना बागेतला एक बाक सापडतो. उतारवयात पत्नी क्योकोबरोबर चित्रपट पाहून आल्यावर दोघं त्या बाकावर बसले होते. एवढंच. ते ती आठवण निवडतात आणि शांतपणे निघून जातात.

मागे राहतं त्यांचं मोचिझुकीला लिहिलेलं पत्र. टेपमध्ये पत्नीला पाहताना मोचिझुकीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते वातानाबेंनी ओळखलेलं असतं. मोचिझुकी बावीस वर्षांचा असताना दुसऱ्या महायुद्धात गेला. क्योको ही त्याची वाग्दत्त वधू होती. लग्नानंतरही ती दर वर्षी त्याच्या कबरीवर जात असे, आणि वातानाबेंना ते ठाऊक होतं. स्वतःची आठवण न निवडलेली माणसंच इथं कर्मचारी म्हणून राहतात. मोचिझुकी अर्ध्या शतकाहून अधिक काळ इतरांचे अर्थ शोधून देत थांबला आहे. शिओरीबरोबर तो क्योकोनं निवडलेल्या आठवणीची रीळ शोधून काढतो. तिनं निवडलेला क्षणही एका बाकावरचाच आहे, युद्धावर निघण्याआधीच्या मोचिझुकीच्या शेजारी ती बसलेली असतानाचा.

हा योगायोग फार जुळवलेला आहे, असं कुणी म्हणेल. नेमका तिचा पती नेमका याच्याच टेबलाशी कसा? आक्षेप रास्त आहे. पण दिग्दर्शकानं या योगायोगातून रडारड काढलेली नाही की सूडही काढलेला नाही. मोचिझुकीला कळतं ते इतकंच की आपण नकळत दुसऱ्या कुणाच्या सुखाचा भाग होतो. स्वतःच्या बावीस वर्षांत खणून त्याला जे सापडलं नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर पुढं जगलेल्या बाईनं जपून ठेवलं होतं. म्हाताऱ्या क्योकोच्या भूमिकेत क्योको कागावा आहेत, यासुजिरो ओझूंच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’तली धाकटी मुलगी. तो तरुण चेहरा ज्यांना आठवतो त्यांच्यासाठी या प्रसंगाला आणखी एक पदर आहे.

मोचिझुकी आता निवडू शकतो, आणि त्याची निवड मला या चित्रपटातला सर्वांत धाडसी क्षण वाटतो. तो क्योकोची आठवण घेत नाही. स्टुडिओत मांडलेल्या बाकावर बसून, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांकडे पाहतानाचा क्षण तो घेतो. मृत्यूनंतरचं काम, इतरांसाठी केलेली धडपड, हीच त्याची आठवण होते. त्याच्यावर जीव जडलेली शिओरी मागे राहते. ती कोसळत नाही, त्याच्या टेबलाशी बसून मुलाखती घ्यायला शिकते.

इसेया नावाचा एकवीस वर्षांचा तरुण मात्र निवडायलाच नकार देतो. निवडता येत नाही म्हणून नव्हे. आपल्या आयुष्याची जबाबदारी घेण्याची त्याची रीतच ती आहे. कोरे-एदा त्यालाही चूक ठरवत नाहीत. आपल्याच कल्पनेविरुद्धचा आक्षेप चित्रपटात मानानं बसवणारा दिग्दर्शक विरळा. पुढच्या सोमवारी इसेया कर्मचाऱ्यांत रुजू होतो आणि नवी माणसं धुक्यातून आत येऊ लागतात.

हा चित्रपट दोन तासांहून किंचित छोटा आहे. जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांबरोबर पाहा, आणि संपल्यावर त्यांना तो एकच प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा द्या. ते तपशिलात चुकले तर मधे बोलून दुरुस्त करू नका.